प्रशिक्षणं भरपूर झाली, पण मूल वाचताना नेमकं कुठे अडतं हे कुणी दाखवलं?

खडूवाली

नमस्कार. दोन-तीन वर्षं इथे नुसती वाचत होते, आज लिहायचं धाडस करतेय. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत आहे. द्विशिक्षकी शाळा. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. नोकरीला १४ वर्षं झाली. गावाला लागून तांडा आहे, निम्मी मुलं तिथली. दिवाळी झाली की रात्रीतून ट्रॅक्टर सुटतात आणि माझ्या हजेरीपटावरच्या २३ मुलांतली १४ वर्गात उरतात. बाकीची आईबापांबरोबर ऊसतोडीला, कुणी कोल्हापूर-सांगलीकडे तर कुणी पार कर्नाटकात. हंगामी वसतिगृह आहे म्हणून काही आजी-आजोबांपाशी मागे राहतात. पण कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या खोपटात, तान्हं सांभाळायला कुणीतरी लागतं, आणि ते कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा मुलगीच.

आता विषय. या १४ वर्षांत मी किती प्रशिक्षणं केली ते मोजायला बसले आणि मोजणं सोडून दिलं. प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र, निष्ठा, दीक्षावरचे कोर्स, निपुणचं (पायाभूत वाचन-गणिताचं) प्रशिक्षण, वरिष्ठ श्रेणीचं वेगळंच. प्रमाणपत्रांची एक फाइल आहे, ती दर तपासणीला दाखवते. कुठल्याच प्रशिक्षणाला मी नावं ठेवत नाही, दरवेळी काहीतरी हाती लागलं. पण माझ्यासमोर बसलेलं एक मूल एका विशिष्ट ओळीवर का थांबलं, हे या सगळ्यात मला कधी कुणी दाखवलं नाही.

एक मुलगी आहे, तिला इथे चिमणी म्हणते. तिसरीत माझ्याकडे आली. निपुणच्या हिशोबाने तिसरी संपेपर्यंत तिने मिनिटाला ६० शब्द अर्थासह वाचायला हवे होते. मी मोबाइलवर घड्याळ लावलं. वीसच्या आत. तक्त्यात खूण केली आणि पुढच्या मुलाला बोलावलं. वर्षभर मी हेच करत होते. ताप मोजायचा, लिहून ठेवायचा, औषध नाही.

बदल झाला तो अपघाताने. मागच्या वर्षी केंद्राची, म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद होती आणि ऐन वेळी मार्गदर्शक आलेच नाहीत. चहा येऊन गेला होता. शेजारच्या शाळेतल्या एका सरांनी तपासायला वह्यांचा गठ्ठा आणला होता, तो घेऊन ते लिंबाखाली बसले. मी सहज एक वही उघडली. पोराने 'सूर्य' लिहिला होता 'सुयर'. मी हसले. सर म्हणाले, "हसू नका मॅडम, त्याने कानाने ऐकलेला र लिहिलाय, फक्त कुठे ठेवायचा ते त्याला कळंना."

मी गप्प झाले. रफाराचा उच्चार आधी होतो आणि खूण बसते पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. पहिल्या वेलांटीचं उलटं, ती लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर. मुलाला हे कोडंच आहे की! डी.एड. होऊन मला इतकी वर्षं झाली, बाराखडी हजारदा फळ्यावर लिहिली असेल, पण मुलाच्या बाजूने या अक्षरांकडे मी कधी पाहिलंच नव्हतं.

तेव्हापासून आम्ही तिघं-चौघं दर पंधरा दिवसांनी शनिवारी शाळा सुटल्यावर बसतो. प्रत्येकाने तीन वह्या आणायच्या, नाव झाकून. लाल पेन आणायचं नाही. पहिला प्रश्न एकच: या पोराला काय येतं? काय येत नाही, ते मागाहून. आदेश नाही, भत्ता नाही, बॅनर तर नाहीच.

तुमच्याकडे असं काही चालतं का? शिक्षक नसलेल्यांनीही लिहा, पालक म्हणून काय दिसतं ते.

---

पावशेर

बॅनर नाही? मग ते प्रशिक्षण कसलं मॅडम! बॅनरपुढे उभं राहून फोटो निघाला नाही तर ज्ञान अंगी लागत नाही, असा नियम आहे.

मीही जि.प.चाच, कोल्हापूरकडचा. नव्या शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाला वर्षाला ५० तासांचं व्यावसायिक शिक्षण सांगितलंय. सांगितलंय ते बरोबरच आहे. पण आमच्याकडे ५० तास म्हणजे ५० लिंका. फोन चार्जिंगला लावायचा, व्हिडिओ चालू करायचा, तोवर पोषण आहाराची नोंद करायची. शेवटी प्रश्नमंजूषा, तिची उत्तरं ग्रुपवर आधीच आलेली. मी काही साधुसंत नाही, मीही तेच केलंय.

'सुयर' वाचून मात्र उठून बसलो. माझ्या वर्गात एक 'कर्म'चं 'करम' करणारा आहे. मी त्याला दहा वेळा लिहायला लावला होता.

---

जुनी_सायकल

केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे वरच्या दोन्ही प्रतिसादांत मी आरोपी आहे असं धरून लिहितो.

पावशेर सर, विनोद मान्य. पण ही केंद्राची व्यवस्था कशासाठी आली ते विसरू नका. १९८६च्या धोरणानंतर डाएट, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, आल्या. नव्वदच्या दशकात स्मार्ट पीटीचं राज्यभर प्रशिक्षण झालं, केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख हे पद आलं. कल्पना अशी की दहा-बारा शाळांमागे एक माणूस असावा, त्याने वर्गात जाऊन बसावं, पाठ पाहावा, स्वतः घेऊन दाखवावा, आणि महिन्याला सगळ्यांनी एकत्र येऊन अडचणी मांडाव्यात. खडूवाली मॅडम लिंबाखाली जे करतात, अगदी तेच शिक्षण परिषदेत व्हायचं होतं.

पहिली चार-पाच वर्षं झालंही. मी सायकलवरून शाळेत जायचो, मागच्या बाकावर दोन तास बसायचो. मग माहिती मागवणं सुरू झालं. आज दुपारी तीनपर्यंत शौचालयांची संख्या, उद्या अकरापर्यंत आधार नोंदणी. पदं रिकामी राहिली, माझ्याकडे शेवटी तीन केंद्रांचा कार्यभार होता. वर्गात बसणारा माणूस टपालवाला झाला.

दुसरं म्हणजे साखळी. राज्यस्तरावर पाच दिवस शिकवलेलं जिल्ह्याला तीन दिवसांत, तालुक्याला दोन दिवसांत आणि केंद्रावर दुपारच्या सत्रात सांगायचं. कानगोष्टीचा खेळ आठवा. वरच्या माणसाने 'मुलाला बोलू द्या' म्हटलेलं असतं, खाली पोचतं 'तक्ता क्रमांक चार भरा'.

---

रानभाजी

मस्त धागा. मी शिक्षक नाही, पण पालघर भागात काही वर्षं एका संस्थेबरोबर शाळांतून फिरलेय.

साखळीबद्दल जुनी_सायकल काका बोलले त्याला संशोधनाचाही आधार आहे. अमेरिकेत ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या दोघांनी ऐंशीच्या दशकापासून हेच तपासलं. नुसतं सांगून, अगदी करून दाखवूनही, वर्गात फार थोडं उतरतं. शिकलेलं वापरताना कुणी सोबतीला असेल, पाहून बोलणारं असेल, तेव्हाच ते टिकतं. पोहायला शिकवणारा काठावर बसून माहितीपत्रक वाचत नाही, तसंच.

आणि आपल्याकडे हे माहीत नव्हतं अशातला भाग नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला आणि मग कोसबाडला मुलांच्यात बसूनच शिकवायच्या. मुलं गुरं राखायला जातात, शाळेत येत नाहीत, म्हटल्यावर शाळाच कुरणात नेली. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचन शिकवण्यावर वर्षानुवर्षं काम केलं. जन्म अमेरिकेतला, पण मराठी मूल अक्षर कसं शिकतं याचा त्यांनी केला तेवढा बारीक विचार आपण मराठीवाल्यांनी क्वचित केला असेल. क ते ज्ञ अशी रांग न लावता, थोड्या अक्षरांचा गट घ्यायचा आणि त्यातून मुलाला लगेच अर्थाचे शब्द वाचता-लिहिता यायला हवेत. वाडा तालुक्यात सोनाळ्याला नीलेश निमकरांची क्वेस्ट ही संस्थाही शिक्षकांबरोबर भाषाशिक्षणावर काम करते.

एक विचारते. तांड्यावरची मुलं घरी गोरबोली, म्हणजे बंजारा भाषा, बोलत असतील ना? त्यांच्या वह्यांत काय दिसतं?

---

खडूवाली

रानभाजी, तुम्ही दुखरी जागा दाबलीत. सांगू की नको असं झालं होतं, सांगतेच.

पहिल्या वर्षी चिमणी मला घाबरून असायची. का, ते कळायचं नाही. शनिवारच्या बैठकीत मी तिची वही आणली. चित्र काढलं होतं, चुलीपाशी बाई, आणि खाली लिहिलं होतं 'याडी'. मी लिंबाखालच्या त्या सरांना म्हटलं, बघा, 'वेडी' लिहिताना 'याडी' लिहिलंय, आणि वर कुणाला तरी शिवी देतेय. आमच्याकडे बोलताना 'येडी'च म्हणतात ना.

त्या सरांच्या शाळेत सगळी तांड्याचीच मुलं. ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "मॅडम, याडी म्हणजे आई."

पहिलीत असताना वर्गात एकदा ती रडत 'याडी, याडी' करत होती. तेव्हा आमचे सर रजेवर होते, दोन्ही वर्ग माझ्याकडे होते. मी तिला म्हटलं होतं, शाळेत असं बोलायचं नाही.

एवढ्या वर्षांत त्या भाषेतले चार शब्दसुद्धा मला आले नव्हते. आता भिंतीवर तक्ता लावलाय: आई/याडी, भाकरी/बाटी. पुढचे शब्द मुलंच सांगतात, मी लिहिते, मुलं माझे उच्चार सुधारतात आणि खो खो हसतात. चिमणीचा वर्गातला आवाज त्या तक्त्यानंतर पहिल्यांदा ऐकला मी.

---

ऱ्हस्वदीर्घ

लेख आवडला, पण 'लाल पेन आणायचं नाही' हे पटत नाही. मी वीस वर्षं मुद्रितशोधन करते, हल्ली पदवीधर लोकांचा मराठी मजकूर हातात घेववत नाही. चुका चौथीत सुधारायच्या नाहीत तर कधी? 'मुलांचा आत्मविश्वास' या नावाखाली आपण त्यांना अर्धवट भाषा देतोय. आणि यात नुकसान गरिबाच्याच मुलाचं. मुलाखतीत 'पानी' म्हटल्यावर त्यालाच हसणार, सदाशिव पेठेतल्या मुलाला नाही.

---

खडूवाली

ऱ्हस्वदीर्घ ताई, तुमचा शेवटचा मुद्दा खोटा नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

गावातलाच एक मुलगा. आमच्याकडे बोलताना ण चा न होतो, त्यामुळे तो 'पानी' लिहायचा. मी प्रत्येक 'पानी'ला लाल गोल. दोन महिन्यांनी त्याच्या वहीत चूक सापडेना. खूश झाले. ती वही शनिवारी नेली तर एक मॅडम म्हणाल्या, चूक नाही हे खरं, पण यात काही लिहिलेलंही नाही. खरंच की. 'माझी आई' या विषयावर त्याचा निबंध असा होता: माझी आई छान आहे. माझी आई काम करते. मला माझी आई आवडते. जेवढे शब्द हमखास येतात तेवढेच. पाणी हा शब्दच त्याने आयुष्यातून काढून टाकला होता.

मग आम्ही ठरवलं की पहिल्या खेपेला पेन चालवायचं नाही, त्याने काय सांगितलंय तेवढंच वाचायचं आणि त्यावर त्याच्याशी बोलायचं. तिसऱ्या आठवड्यात त्याने लिहिलं:

'आई रातचं पानी भराया जाती. मी बॅटरी धरतो. बॅटरी हालली का आई वरडती.'

आता सांगा, यात मी आधी काय पाहू? 'पानी' की हलणारी बॅटरी?

'पाणी'सुद्धा झालं. दुसऱ्या खेपेला तोच मजकूर तो स्वतः पेन्सिलीने दुरुस्त करतो, भिंतीवर नेहमी चुकणाऱ्या शब्दांची यादी आहे ती बघून. घरची बोली चूक आणि पुस्तकातली बरोबर असं मी म्हणत नाही. घरी 'पानी', छापायचं असेल तर 'पाणी', असं सांगते. पोरांना ते चटकन कळतं. त्यांना दोन्हीकडचे कपडे असतातच की, घरातले आणि लग्नातले.

---

ऱ्हस्वदीर्घ

बॅटरी. बरं.

दुसऱ्या खेपेला दुरुस्ती होते म्हणताय तर माझा विरोध निम्मा मागे. निम्मा ठेवते.

---

गुरुजी_चाळीसगाव

सगळं ठीक आहे हो, पण १ सप्टेंबर २०२५चा सुप्रीम कोर्टाचा निकाल विसरलात काय? ज्यांची नोकरी पाच वर्षांहून जास्त उरलीय त्यांना दोन वर्षांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास व्हायचीय. पंचवीस वर्षं शिकवलेल्या माणसाने आता बालमानसशास्त्राची गाइडं पाठ करायची. कसल्या वह्या अन् कसला शनिवार! आमचे शनिवार क्लासला जातात. यावर कुणी बोलणार का?

---

खडूवाली

गुरुजी, धास्ती सगळ्यांनाच आहे, मलाही. पण त्यावर वेगळा धागा काढा, मी तिथे येते. हा धागा तिकडे वळला तर परत यायचा नाही.

---

मधलीसुट्टी

मी माध्यमिकला विज्ञान शिकवतो, आठवी ते दहावी. खरं तर इथे लिहायचा अधिकार नाही, कारण आम्ही माध्यमिकवाले प्राथमिकला शिव्या देण्यापलीकडे काही करत नाही. 'खालून कच्ची आलीत' हे आमचं आवडतं वाक्य.

आठवीत एक मुलगा होता, तोंडी एकदम हुशार. शेतात बोअरची मोटर स्वतः काढतो-बसवतो. पेपरात शून्याच्या आसपास. एकदा प्रश्नपत्रिका त्याला मोठ्याने वाचायला लावली. 'बाष्पीभवनाचा वेग कोणकोणत्या घटकांवर अवलंबून असतो?' तो 'बाष्पी'वर अडकला, 'भवन' वाचलं आणि म्हणाला, "सर, हे कुठलं भवन?" मंत्रालयासारखं काहीतरी असेल असं त्याला वाटलं होतं! मी तोच प्रश्न वेगळा विचारला. धुणं कधी लवकर वाळतं? वारा, ऊन, पसरून टाकणं, हवेतला ओलावा, सगळं धडाधड सांगितलं.

म्हणजे विज्ञान त्याला येत होतं. त्याला मराठी वाचता येत नव्हतं असंही नाही, विज्ञानाची मराठी वाचता येत नव्हती. ती शिकवायची कुणी? मराठीच्या बाई म्हणतात तुमचा विषय, मी म्हणतो तुमची भाषा. आमच्या आजवरच्या विषय प्रशिक्षणात या प्रश्नावर एक तासही झालेला नाही. प्रयोग कसे घ्यायचे, गुणदान कसं करायचं, झालं.

आता मी धडा सुरू करायच्या आधी पाच शब्द फळ्यावर फोडतो. बाष्प म्हणजे वाफ, भवन म्हणजे होणं. संस्कृत येत नाही मला, शब्दकोश घेऊन बसतो आदल्या रात्री. बायको म्हणते पीएच.डी. करताय की काय.

---

पावशेर

'हे कुठलं भवन' हे आता आमच्या स्टाफरूममध्ये चालणार.

---

धुक्यातली

इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेत शिकवते, मूळची साताऱ्याची. इथे वर्षातून पाच दिवस मुलांना सुट्टी आणि शिक्षकांना प्रशिक्षण, १९८८पासूनची पद्धत. २०१२पासून पहिलीच्या मुलांची अक्षर-ध्वनी तपासणी असते, त्यात मुद्दाम निरर्थक शब्दही वाचायला देतात, मूल पाठांतर करतंय की खरंच वाचतंय ते कळायला. चांगली बाजू ही की आमच्या शाळेत नव्या शिक्षकाच्या वर्गात अनुभवी शिक्षक येऊन बसतो आणि तो तपासणी करायला आलेला नसतो. वाईट बाजू, तपासणी जवळ आली की मुलं महिनाभर निरर्थक शब्दच वाचत बसतात. तेव्हा तिकडे सगळं आलबेल आहे असं समजू नका.

बाकी मराठीला एक वरदान आहे हो, बहुतेक वेळा लिहिलंय तसंच वाचायचं. इंग्रजी शिकवताना हे फार आठवतं.

---

आकडेमोड

सगळे भावुक होताहेत म्हणून कोरडा प्रश्न विचारतो. वह्यांच्या शनिवारने मुलांचं वाचन सुधारलं याला पुरावा काय? चार गोष्टी सांगता येतातच. उपक्रमशील शिक्षकांच्या अशा कहाण्या पेपरात दर आठवड्याला येतात, आणि असरचा (ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीचा) अहवाल आला की राज्याची परिस्थिती कळते.

---

खडूवाली

बरोबर विचारलंत. माझ्याकडे आहे तेवढं देते.

असरची जी पातळी आहे, अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट, तीच मी वापरते. जूनमध्ये २३पैकी ७ मुलं दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचत होती. दिवाळीच्या आधी १३. चार जण अजून शब्दावर अडलेत आणि त्यांचं मला काही सुचत नाहीये. ऊसतोडीला गेलेल्या नवांचं आत्ता काय चाललंय, माहीत नाही. शिक्षण हमी पत्रक हातात देऊन पाठवलंय, म्हणजे जिथे जातील तिथल्या शाळेने बसवून घ्यावं. मागच्या वर्षी सहा जणांना पत्रक दिलं, त्यातले दोघं तिथल्या शाळेत गेले. एप्रिलमध्ये परत आली तेव्हा दोघी जणी गोष्टीवरून उताऱ्यावर घसरलेल्या.

सुधारणा शनिवारमुळे झाली की यंदा मला बीएलओची (मतदार याद्यांची) ड्युटी लागली नाही म्हणून झाली, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. बदल झाला तो माझ्यात, त्याची खात्री आहे. पूर्वी तक्त्यात खूण करायचे, आता समास सोडून ठेवते. 'घ-ध गोंधळ', 'जोडाक्षर आलं की पहिलं अक्षर गिळतो', 'वाचतो पण विचारलं तर सांगत नाही, लाजतो की कळत नाही?' असं लिहिलेलं असतं. दुसऱ्या दिवशी काय घ्यायचं ते त्यावरून ठरतं.

---

आकडेमोड

घसरलेल्या दोघी आणि न सुचणारे चार, हे तुम्ही स्वतःहून सांगितलंत. माझा प्रश्न मागे नाही, पण आता धागा नीट वाचतो.

---

जुनी_सायकल

रानभाजी ताईंनी कोसबाड काढलं म्हणून आणखी मागे जातो. पावशेर सर, ३ जानेवारीचं भाषण नाही हे, शेवटपर्यंत वाचा.

सावित्रीबाई शिकवायला लागल्या ते नुसत्या जिद्दीवर नव्हे. अहमदनगरला फॅरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी अध्यापनाचं रीतसर शिक्षण घेतलं. आपण फोटोला हार घालतो आणि हा भाग विसरतो. आणि फुल्यांच्या शाळांत काय शिकवलं जात असेल याची एकच खूण सांगतो. तिथली विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयी. 'माझी आई छान आहे' नाही लिहिलं त्या पोरीने. धर्माला आणि सत्तेला जाब विचारला. कुणीतरी तिला फळ्यावरचं उतरवून काढ असं न सांगता तुझं लिही म्हटलं असणार, आणि आलेलं लिहिणं न घाबरता वाचलं असणार.

हल्ली 'सक्षमीकरण' म्हटलं की मीना-राजू मंचाचं (शाळेतल्या मुलींसाठीच्या उपक्रमाचं) इतिवृत्त मागतात. मीही मागितलंय, फाइल पूर्ण आहे ना एवढंच बघायचो. मुलींनी त्यात काय लिहिलंय हे एकदाही वाचलं नाही.

---

पावशेर

वाचलं. यावर विनोद सुचत नाही.

आमच्या केंद्रात दोघं तयार झालेत. परवा पहिला शनिवार झाला. मी 'करम'वाल्याची वही नेली. दहा वेळा लिहिलेला 'कर्म' बघून एक मॅडम म्हणाल्या, पहिले तीन बरोबर आहेत, चौथ्यापासून पुन्हा 'करम' झालाय. म्हणजे मी शिक्षा देऊन त्याची चूक पक्की करून घेतली. उपमा होता पण, घरून डब्यात आणलेला.

---

रानभाजी

पावशेर सर, त्याला 'सर्प, दर्प, गर्व' असे शब्द एकत्र देऊन टाळी वाजवत म्हणायला लावा. सर्-प. टाळी कुठे पडते ते कानाला कळलं की डोळ्याला कळतं. मी पाहिलेल्या वर्गांत जमलं होतं, तुमच्याकडे जमेलच असं नाही.

---

खडूवाली

तीन आठवड्यांनी येतेय. मध्ये क्रीडा स्पर्धा, मग केंद्राचं स्नेहसंमेलन. पण आज लिहायलाच हवं असं घडलं.

चिमणी यंदा चौथीत, दिवाळीनंतर ऊसतोडीला गेली. आजी वारली, धाकट्या भावाला सांभाळायला कुणी नाही. जाताना मी एक कोरी वही दिली होती, काय वाटेल ते लिही म्हणून. काल रात्री तिच्या बापाच्या फोनवरून तिचा फोन आला. बापाला न सांगता केला असावा, हळू बोलत होती.

झालं असं की गाडी कारखान्याच्या काट्यावर मोजली की वजनाची पावती मिळते. तिचे वडील पावत्या खोपटाच्या कुडात खोचून ठेवतात आणि हिशोब टोळीच्या मुकादमाच्या वहीत असतो. चिमणीने पावत्या काढून आकडे तिच्या वहीत उतरवले. पंधरवड्याला मुकादम हिशोब सांगायला आला तेव्हा ही तिथेच बसली होती. त्याने सांगितलेलं वजन आणि हिच्या वहीतलं जुळेना. हिने बोलून दाखवलं.

मी फोनवर टाळी वाजवायच्या बेतात होते. तर म्हणते, "बापू लई बोलले मला. मुकादमापुढं तोंड उघडायचं नाही म्हणले." उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली आहे, पुढच्या वर्षीही त्याच्याच टोळीत जायचंय, बाप दुसरं काय बोलणार! मुकादमाने वही मिटली आणि निघून गेला. पैसे दुरुस्त झाले का, तिला माहीत नाही. मला विचारत होती, "मॅडम, माझं चुकलं का?"

मी म्हटलं तुझं वाचन बरोबर होतं. त्यापुढे काय बोलायचं ते सुचलं नाही. रात्रभर झोप नाही. तिचा बाप तिला उद्या वही हातात घेऊ देईल का, हाच विचार. हे कुठल्या प्रशिक्षणात आणि कुणापुढे मांडू?

---

मधलीसुट्टी

मॅडम, उत्तर नाही माझ्याकडे. वाचलं एवढंच सांगतो.

---

ऱ्हस्वदीर्घ

तिला सांगा, पावत्या जपून ठेव आणि वही लपवून ठेव. बाकी मोठ्यांनी बघायचं आहे. तुमच्या भागात ऊसतोड कामगारांच्या संघटना आहेत ना, त्यांच्यातल्या कुणाशी बोलता येईल का? पोरीचं नाव न घेता.

---

खडूवाली

ताई, आमच्या सरांच्या ओळखीचे एक जण आहेत, उद्या बोलणार आहेत. नाव न घेताच.

---

जुनी_सायकल

मॅडम, हे शनिवारीच मांडा. दुसरी जागा नाही. तिच्या त्या पानाचा फोटो आहे का? असला तर नाव-गाव झाकून आणा. मीही येतो यावेळी, एसटी आहे सकाळची.

---

खडूवाली

या काका. फोटो तिने पाठवलाय, पोचला आत्ताच. एका ओळीत एक खेप, तारीख, वजन. आकडे सगळे बरोबर, बेरीजही बरोबर. फक्त प्रत्येक ओळीत 'टन'वर टिंब दिलंय. टंन.

---

पावशेर

लाल पेन लावलं नाही ना?

---

खडूवाली

नाही.